दशांशातलं तिकीट: छोट्या संघांची पात्रता फेरी आणि नेट रन रेट

११ जुलै २०२५ ला नेदरलँड्समधल्या फोरबर्गच्या मैदानावर इटलीचा संघ नऊ गड्यांनी हरला आणि हरल्यावर मैदानात नाचला. २०२६ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचं तिकीट त्यांना त्याच पराभवात मिळालं होतं. इटलीच्या १३४ धावा नेदरलँड्सनी एकच गडी गमावून १६.२ षटकांत पार केल्या. युरोप पात्रता फेरीच्या गुणतालिकेत नेदरलँड्स पहिले आले. इटली आणि जर्सी (इंग्लिश खाडीतलं बेट) दोघांचे प्रत्येकी पाच गुण झाले. इटलीचा नेट रन रेट (आपली धावगती वजा प्रतिस्पर्ध्यांची) ०.६१२ आणि जर्सीचा ०.३०६. एवढ्यावर एक संघ विश्वचषकाला गेला आणि एक घरी राहिला.

त्या दिवशी अनेकांनी याला नशीब म्हटलं. मला ते अजिबात पटत नाही. पाच संघ, प्रत्येकाचे चार सामने, त्यातला एखादा पावसात वाहून जाणार आणि वर जायला दोनच जागा. अशा स्पर्धेत समान गुणांवर दोन संघ अडकणं ही नेहमीची गोष्ट आहे. तेव्हा नेट रन रेट हा तिथला दुसरा खेळच समजायला हवा, आणि तो पहिल्या सामन्याच्या पहिल्या षटकापासून खेळायला हवा. बहुतेक छोटे संघ हे गणित शेवटच्या दिवशी दुपारी उघडतात, जेव्हा त्यात बदलण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

आधी या स्पर्धांची रचना. १ जानेवारी २०१९ पासून आयसीसीच्या कुठल्याही दोन सदस्य देशांमधल्या टी-ट्वेंटी सामन्याला आंतरराष्ट्रीय दर्जा आहे. त्यामुळे खंडाखंडांतल्या उपविभागीय फेऱ्यांतले सामनेही अधिकृत नोंदवहीत जातात. युरोपातून इटली, जर्सी आणि गर्नसी हे तिघे २०२४ च्या उन्हाळ्यात आपापल्या उपविभागीय स्पर्धा जिंकून फोरबर्गला आले होते. इटलीची स्पर्धा रोममध्ये झाली. तिच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळलेल्या जो बर्न्सने आईकडच्या इटालियन नात्यावर खेळताना रोमानियाविरुद्ध नाबाद १०८ धावा केल्या. नेदरलँड्स आणि स्कॉटलंड थेट शेवटच्या फेरीत होते. म्हणजे तळातून आलेले तीन, वरून आलेले दोन आणि जागा दोन. जिंकल्यास दोन गुण, सामना रद्द झाल्यास एकेक. गुण आणि विजय दोन्ही सारखे असतील तर नेट रन रेट.

सूत्र सगळ्यांना तोंडपाठ असतं: आपण केलेल्या धावा भागिले आपण खेळलेली षटकं, वजा दिलेल्या धावा भागिले टाकलेली षटकं. गफलत होते ती सूत्राच्या आत.

पहिली गफलत दशांश चिन्हाची. धावफलकावरचं १६.२ म्हणजे सोळा षटकं आणि दोन चेंडू, म्हणजे खरं तर १६.३३३. यंत्रात थेट १६.२ टाकलं की नेदरलँड्सची धावगती ८.३३ दिसते, खरी आहे ८.२७. फरक क्षुल्लक वाटतो, पण तिसऱ्या दशांशावर संघ वरखाली होतात त्या स्पर्धेत तो क्षुल्लक नाही. म्हणून षटकं ठेवूच नयेत, चेंडू ठेवावेत. कागदावर किंवा एक्सेलमध्ये चार रकाने पुरतात: केलेल्या धावा, खेळलेले चेंडू, दिलेल्या धावा, टाकलेले चेंडू. धावांना चेंडूंनी भागायचं, वजाबाकी करायची आणि उत्तराला सहाने गुणायचं.

दुसरी गफलत सरासरीची. प्रत्येक सामन्याचा वेगळा रेट काढून सामन्यांच्या संख्येने भागणारे लोक मी आजही पाहतो. तसं चालत नाही. आधी सगळ्या स्पर्धेच्या धावा आणि सगळे चेंडू एकत्र करायचे, मगच भागाकार. इटलीचेच दोन सामने घ्या. स्कॉटलंडविरुद्ध इटली १६७, स्कॉटलंड १५५, दोन्ही डाव पूर्ण वीस षटकांचे, म्हणजे त्या सामन्याचे अधिक ०.६०. नेदरलँड्सविरुद्ध १३४ पूर्ण वीस षटकांत, दिल्या १३५ अठ्ठ्याण्णव चेंडूंत, म्हणजे वजा १.५६५. सरासरी काढली तर वजा ०.४८३ येतं. खरा हिशोब असा: केल्या ३०१ धावा २४० चेंडूंत, दिल्या २९० धावा २१८ चेंडूंत. सहाने गुणून उत्तर वजा ०.४५७.

आता हा आकडा जरा निरखून पाहा, सगळी गोष्ट इथेच आहे. स्कॉटलंडवरचा तो ऐतिहासिक १२ धावांचा विजय, हॅरी मनेंटीचे पाच बळी, एमिलिओ गेचं आक्रमक अर्धशतक, हे सगळं धरूनही या दोन सामन्यांवर इटली उणेतच आहे. जर्सीविरुद्धचा सामना पावसामुळे हिशोबात नाही, कारण रद्द झालेल्या सामन्याच्या धावा आणि चेंडू कुठल्याच रकान्यात जात नाहीत. मग शेवटी अधिक ०.६१२ आलं कुठून? गर्नसीवरच्या सात गडी राखून मिळवलेल्या विजयातून. तालिकेत तळाला राहिलेल्या संघाविरुद्धचा तो सामना कोणाच्या लक्षातही नाही. इटली विश्वचषकात नेपाळविरुद्ध मुंबईत वानखेडेवर उतरली, तिचं निम्मं तिकीट त्या विसरलेल्या सामन्यात फाडलं गेलं होतं. तळाच्या संघाविरुद्ध ‘जिंकलो, बस झालं’ म्हणून शेवटच्या षटकांत रमतगमत खेळणाऱ्या कर्णधाराने हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं.

तळाच्या संघाविरुद्ध नेमकं काय करायचं, हा या स्पर्धांमधला सर्वांत मोठा प्रश्न. कारण इथे संघांमधली दरी प्रचंड असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये लागोसला आफ्रिकेच्या उपविभागीय फेरीत नायजेरियाने ४ बाद २७१ केल्या आणि आयव्हरी कोस्टला ७.३ षटकांत ७ धावांत गुंडाळलं. सातच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मलेशियातल्या बांगीला सिंगापूरने मंगोलियाला १० धावांत बाद केलं, हर्षा भारद्वाजने तीन धावांत सहा बळी घेतले आणि सिंगापूरने पाच चेंडूंत १३ धावा करून सामना संपवला.

या दोन विजयांपैकी नेट रन रेटला जास्त फायदा कशाचा? आधी सर्वबादचा नियम: संघ सर्वबाद झाला तर त्याची षटकं पूर्ण कोट्याइतकी, म्हणजे वीस धरली जातात. आयव्हरी कोस्टच्या सात धावा साडेसात षटकांनी भागायच्या नाहीत, वीसने भागायच्या. म्हणून नायजेरियाचा एका सामन्याचा रेट १३.५५ वजा ०.३५, म्हणजे १३.२०. सिंगापूरचा १५.६० वजा ०.५०, म्हणजे १५.१०. वरवर सिंगापूरचा विजय मोठा दिसतो.

तालिकेत मात्र उलटं घडतं. समजा एखाद्या संघाचे बाकी तीन सामने अगदी बरोबरीचे झाले, ६० षटकांत ४५० केल्या आणि ६० षटकांत ४५० दिल्या, रेट शून्य. त्यात नायजेरियासारखा सामना जोडा: केल्या ७२१ ऐंशी षटकांत, दिल्या ४५७ ऐंशी षटकांत, रेट अधिक ३.३०. त्याऐवजी सिंगापूरसारखा जोडा: केल्या ४६३ साडेसाठाहून थोड्या जास्त षटकांत, दिल्या ४६० ऐंशी षटकांत, रेट अधिक १.८६. जवळजवळ निम्मा. कारण उघड आहे. पाच चेंडूंत तेरा धावांचा वेग भन्नाट असला तरी एकूण बेरजेत ते पाचच चेंडू. २७१ धावांचं वजन वीस षटकांचं. जिथे समोरचा संघ तीसचाळीसच्या पुढे जाणार नाही याची खात्री आहे, तिथे नाणेफेक जिंकून फलंदाजी घ्यावी आणि शेवटच्या चेंडूपर्यंत मारत राहावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये नैरोबीला झिंबाब्वेने गांबियाविरुद्ध ३४४ केल्या, सिकंदर रझाने ४३ चेंडूंत नाबाद १३३ केल्या, आणि गांबिया ५४ वर बाद झाला. हे बघून ‘गरिबाला किती मारायचं’ म्हणून हळहळणारे असतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण चार-पाच सामन्यांच्या स्पर्धेत हात आखडता घेणं म्हणजे आपल्याच संघाशी अन्याय.

याला एक मोठा अपवाद, पाऊस. टी-ट्वेंटीत निकाल लागायला दुसऱ्या डावात किमान पाच षटकं व्हावी लागतात. ढग दाटलेले असतील आणि तुम्ही आधी फलंदाजी करून २५० केल्या, आणि समोरच्याचं चौथं षटक चालू असताना धो धो सुरू झालं, तर दोन गुणांऐवजी एक गुण पदरात पडतो आणि २५० धावा रद्दीत. तेव्हा आधी गोलंदाजी करून, समोरच्याला गुंडाळून, सहा षटकांत सामना आटपणं शहाणपणाचं. गुण आधी, रेट नंतर. युगांडाने नोव्हेंबर २०२३ मध्ये विंडहूकला रवांडाला ६५ वर बाद करून ८.१ षटकांत एका गड्याच्या मोबदल्यात लक्ष्य गाठलं आणि पहिल्यांदा विश्वचषक गाठला. त्याआधी झिंबाब्वेला पाच गडी राखून हरवल्यामुळे त्यांच्या वाटेत रेटची अडचण आलीच नाही. सहापैकी पाच सामने जिंकणाऱ्याला दशांश मोजावे लागत नाहीत.

पाऊस पडून डाव कमी झाले तर आणखी एक बदल. डकवर्थ-लुईस-स्टर्न पद्धतीने लक्ष्य बदललं की पहिल्या संघाच्या खऱ्या धावा हिशोबात येत नाहीत. त्याच्या नावावर सुधारित लक्ष्यापेक्षा एक धाव कमी लागते, आणि षटकं तेवढीच, जेवढी दुसऱ्या संघाला मिळाली. समजा कोणी वीस षटकांत १६० केल्या आणि पावसानंतर समोरच्याला ११ षटकांत ९८ चं लक्ष्य मिळालं, तर पहिल्या संघाच्या खात्यात ११ षटकांत ९७ धरायच्या. धावगती ८.०० ची ८.८२ होते, पण तिचं वजन वीसऐवजी अकराच षटकांचं राहतं. अनेक गुणलेखक इथे १६० भागिले वीस तसंच ठेवून देतात आणि संध्याकाळी तालिका जुळत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

आता हरणाऱ्यांबद्दल, कारण या पातळीवर हरणं कसं हरायचं हेही कसब आहे.

लक्ष्याचा पाठलाग हाताबाहेर गेला की छोट्या संघांचे तळाचे फलंदाज बॅट आडवी घालून षटकं खेळून काढायला लागतात. वीस षटकं खेळलो तर रेट वाचेल, असा समज. काहीही वाचत नाही. बारा षटकांत सर्वबाद ६० आणि वीस षटकांत ९ बाद ६०, दोन्ही हिशोबाला एकच, कारण सर्वबादला वीस षटकंच धरणार आहेत. त्यामुळे सामना गेलाच असेल तर प्रत्येक चेंडूवर धाव शोधायची, बाद होण्याची भीती सोडायची. दहा अधिक धावा म्हणजे त्या सामन्यात अर्ध्या धावेची गती परत मिळाली. गड्यांना इथे किंमत शून्य आहे. नऊ गडी राखून जिंकलात की एक, नेट रन रेटला ते दिसतही नाही.

गोलंदाजी करताना हरत असाल तर गणित वेगळं. तिथे किंमत चेंडूंची. समोरच्याने १३५ काढायच्याच आहेत, मग त्या बाराव्या षटकात काढतो की सतराव्या, यावर सगळं. नेदरलँड्सनी एकेक षटक आधी संपवलं असतं तर इटलीचा एकूण रेट प्रत्येक षटकागणिक एका दशांशाहून जास्त घसरला असता. जर्सीशी अंतर होतं ०.३०६ चं. म्हणजे दोनतीन षटकांचा खेळ. अशा वेळी कर्णधाराने बळी मिळवायला स्लिप लावून चौकार देत बसायचं नसतं. क्षेत्ररक्षक सीमेवर, चेंडू यष्टीत, एकेरी धाव खुशाल घ्या, चौकार मिळणार नाही. फलंदाजाला एकेरी धावांवर ठेवलं की षटकात सहा, फार तर सात. तेच एक षटक अठराचं गेलं की समोरचा दोन षटकं पुढे निघून जातो.

आणि वाईड. या पातळीवर मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच. वाईडची धाव रकान्यात चढते, पण चेंडू चढत नाही. नोबॉलचंही तेच, वर फ्री हिट. ऑगस्ट २०२४ मध्ये आपियाला सामोआच्या डॅरियस व्हिसरने वानुआतूविरुद्ध एका षटकात ३९ धावा वसूल केल्या, सहा षटकार आणि तीन नोबॉल. सामोआ १७४, वानुआतू १६४. दहा धावांनी सामना गेला आणि त्या षटकातल्या तीन धावा निव्वळ पाय रेषेबाहेर पडल्याच्या, त्याशिवाय त्या चेंडूंमुळे फलंदाजाला खेळायला मिळालेले जादा चेंडू वेगळेच. सरावात फलंदाजाशिवाय, नुसत्या यष्ट्या आणि रेषा समोर ठेवून रोज तीन षटकं टाकली तरी या गळतीचा मोठा भाग थांबतो. त्याला पैसा लागत नाही, परदेशी प्रशिक्षक लागत नाही.

शेवटच्या दिवसाची चिठ्ठी, म्हणजे किती धावांना किती चेंडूंची मर्यादा ते लिहिलेला कागद, हा स्वतंत्र विषय आहे. जर्सीने ११ जुलैला आधी स्कॉटलंडला शेवटच्या चेंडूवर, एक गडी राखून हरवलं. विजय अविस्मरणीय, पण शेवटच्या चेंडूवरच्या विजयातून रेटला जवळपास काहीच मिळत नाही. त्यानंतर मैदानात उतरलेल्या इटलीला आपल्याला काय राखायचं आहे ते आकड्यात ठाऊक होतं. नंतर खेळायला मिळणं हा मोठा लाभ, पण तो चिठ्ठी बरोबर बनवली तरच.

चिठ्ठी बनवायची रीत अशी. आपला शेवटचा डाव संपला की केलेल्या एकूण धावांना एकूण खेळलेल्या चेंडूंनी भागा. त्यातून प्रतिस्पर्ध्याच्या रेटचा सहावा भाग वजा करा. आधी दिलेल्या धावांत समोरच्याच्या विजयी धावसंख्येची भर घाला आणि त्या बेरजेला आत्ताच्या उत्तराने भागा. त्यातून आधी टाकलेले चेंडू वजा करा. उरेल त्यापेक्षा जास्त चेंडू समोरच्याला खेळायला लावले की आपण वर. एक कल्पित उदाहरण: आधी २२० चेंडूंत ३१० केल्या, २४० चेंडूंत २६० दिल्या, शेवटच्या सामन्यात पूर्ण वीस षटकांत १३४ केल्या, प्रतिस्पर्ध्याचा रेट ०.३०६. उत्तर येतं ७४.७७. म्हणजे समोरच्याने १३५ धावा ७४ चेंडूंत, १२.२ षटकांत, गाठल्या तर आपण बाहेर. ७५ व्या चेंडूवर गाठल्या तर आपण आत.

इथे थांबणारे फसतात. विजयी फटका षटकार असू शकतो. समोरचा १३४ वर असताना षटकार बसला तर त्याची धावसंख्या १४०, आणि मग तीच मर्यादा ७८ चेंडूंपर्यंत, म्हणजे पूर्ण १३ षटकांपर्यंत सरकते. चार चेंडूंचा फरक. पंचाहत्तरावा चेंडू पडला म्हणून निःश्वास टाकून फुलटॉस टाकणाऱ्या गोलंदाजाला हे कोणीतरी सांगायला हवं. म्हणून चिठ्ठीवर एक ओळ नको, सहा हव्यात: १३५, १३६, १३७, १३८, १३९, १४०, आणि प्रत्येकीपुढे चेंडूंची मर्यादा. चूक होऊन जादा धाव आली की कोणती ओळ लागू, ते बाराव्या खेळाडूला पाठ हवं. पाण्याच्या बाटलीबरोबर हा कागद आत जातो.

मोठ्या संघांनाही हे सुटत नाही, याचा दाखला ५ सप्टेंबर २०२३ चा लाहोरचा आशिया चषकातला पन्नास षटकांचा सामना. श्रीलंकेच्या २९१ धावांचा पाठलाग करताना अफगाणिस्तानला पुढच्या फेरीसाठी ३७.१ षटकांत २९२ हव्या होत्या. ३७.१ व्या चेंडूवर मुजीब बाद झाला, धावसंख्या २८९, आणि सगळ्यांनी संधी गेली असं धरलं. खरं तर ३७.४ पर्यंत २९५ झाल्या असत्या तरी ते पुढे गेले असते, म्हणजे एक षटकार पुरला असता. बरोबरी साधून मग षटकार मारला असता तर ३८.१ पर्यंतही मुभा होती. हे पर्याय संघाला कळवलेच गेले नव्हते, असं प्रशिक्षक जोनाथन ट्रॉट यांनी नंतर सांगितलं. समोरच्या टोकाला रशीद खान २७ वर नाबाद उभा होता. शेवटचा फलंदाज फारुकीने दोन चेंडू शांतपणे खेळून काढले आणि तिसऱ्यावर पायचीत झाला.